लाँच कंपनीत भागीदारी घेण्याआधी वळसा मोजा

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्याचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. तिथे पंचवीसेक वर्षं एक छोटी कंपनी माणसं पलीकडे नेते. दोन प्रवासी लाँच आहेत आणि गाड्या घेणारी एक फेरीबोट. मालक आता थकले, मुलं पुण्यात, म्हणून तिसरा हिस्सा विकायला काढलाय. हे गृहस्थ ठाण्याला नोकरीत, हाताशी थोडे पैसे साठलेत. ते लिहितात, "आजोबा सांगायचे, कोकणच्या आगबोटी इतक्या भरून जायच्या की डेकवर वळकटी पसरायला जागा मिळायची नाही. तरी त्या कंपन्या बंद पडल्या. आज आमच्या फेरीबोटीला सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. ही गर्दी खरी की हाही चार दिवसांचा खेळ? पैसे घालू का?"

मी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, नाही, खलाशी नाही. खरं सांगायचं तर मला बोट लागते. रेवसच्या लाँचमध्येसुद्धा मी लिंबू हुंगत बसतो आणि सगळे खलाशी माझ्याकडे बघून हसतात. पण तीस-बत्तीस वर्षं रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यातल्या लाँचवाल्यांची खाती मी लिहिली. त्यांचे ताळेबंद केले, बँकेत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हप्ता का थकला ते सांगितलं, आणि दोन कंपन्यांची शेवटची देणीही मीच चुकती करून दिली. तेव्हा मला पाण्याबद्दल विचारू नका, वहीबद्दल विचारा.

आधी एक गोष्ट बाजूला करू. तुमचा प्रश्न गर्दीचा आहे असं तुम्हाला वाटतंय, तसा तो नाही. शिमग्याला आणि मे महिन्यात आगबोटी भरून जायच्या ही आजोबांची आठवण खोटी नसणार. पण ती वर्षातल्या मोजक्या दिवसांची आठवण. रिकाम्या गेलेल्या फेरीची गोष्ट कुणी नातवाला सांगत नाही. वहीत मात्र भरलेल्या आणि रिकाम्या फेरीचं डिझेल जवळपास सारखंच पडलेलं असतं. म्हणून सुट्टीच्या दिवशीची रांग पाहून मी कधीच हिस्सा घेणार नाही. खरा प्रश्न असा: ही फेरी लोकांचा किती वळसा वाचवते, तो वळसा अजून किती वर्षं राहणार, आणि तेवढ्या वर्षांत बोटीचा पुढचा मोठा खर्च कुणाच्या गळ्यात पडणार?

लोक खाडी ओलांडायला पैसे देत नाहीत, वळसा चुकवायला देतात. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंगने सुरू केली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जुन्या माणसांनी तोंड वाकडं केलं होतं. गाडी बोटीवर चढवून कोण नेणार, असं ते म्हणायचे. पण दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणवरून फिरून जायला लागतं. त्यात अर्धा दिवस जातो, आणि खाडी ओलांडायला लागतात दहा-पंधरा मिनिटं. गाडीवाल्याच्या मनात तिकिटाची तुलना पेट्रोलशी आणि कंबरेच्या दुखण्याशी होते, तेव्हा तिकीट स्वस्तच वाटतं. मग वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा फेऱ्या उभ्या राहिल्या. सगळीकडे गणित तेच. पाणी अरुंद, वळसा लांब.

आता आजोबांच्या बोटी. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही एकोणिसाव्या शतकात रुजलेली कंपनी. कोकणात तिला शेपर्ड कंपनी म्हणत. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. त्या काळात रत्नागिरीच्या माणसाला जमिनीवरून मुंबई गाठायची तर घाट चढून कोल्हापूरला जा, तिथे रेल्वे पकड, असला द्राविडी प्राणायाम. एवढा मोठा वळसा चुकवून देणारं दुसरं कुणी नव्हतं. मग स्वदेशीच्या लाटेत इंडियन को-ऑपरेटिव्ह ही देशी कंपनी उतरली. लोक तिला प्रेमाने "माझी आगबोट कंपनी" म्हणत. बोटींना नावंही संतांची, तुकाराम, रामदास.

देशप्रेमावर बोट किती दिवस चालते, हे त्याच सुमारास तमिळनाडूतल्या तुतिकोरिन बंदरात दिसलं. 1906 मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर स्वदेशी बोट कंपनी काढली. समोर ब्रिटिश इंडिया ही इंग्रजांची बोट कंपनी. तिने भाडं उतरवायला सुरुवात केली, आणि उतरवत उतरवत शेवटी फुकट प्रवास आणि वर एक छत्री, इथवर मजल गेली. 1908 मध्ये पिल्ले तुरुंगात गेले, 1911 पर्यंत कंपनी संपली. छत्री घेऊन चढलेल्या उतारूला मी दोष देत नाही. त्याला पलीकडे जायचं होतं, एवढंच. तुमच्या खाडीवर उद्या दुसरा परवानाधारक आला तर हे लक्षात असू द्या: ज्याची थैली खोल, तो वर्षभर तोटा सोसू शकतो आणि तुम्ही नाही.

आपल्याकडे या शर्यतीला समुद्राने वेगळाच हिशेब लावला. 11 नोव्हेंबर 1927 रोजी जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. मग 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास ऐन पावसाळ्यात, काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. आमच्या अलिबागकडे अजून कुठल्या ना कुठल्या घरात त्या दिवसाची गोष्ट निघते आणि बोलता बोलता माणसं गप्प होतात. मी हिशेबनीस म्हणून एवढंच सांगेन की पावसाळ्यातली प्रत्येक फेरी वहीत जमेच्या बाजूला दिसते. जोखमीला वहीत रकानाच नसतो. भागीदार झालात तर "आज फेरी सोडू नका" हे सांगायचा अधिकार तांडेलाचा असेल, ऑफिसचा नव्हे, हे करारात लिहून घ्या. गल्ला कमी झाला म्हणून तांडेलाला कुणी विचारता कामा नये.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो आमच्या धंद्यातला आहे. बॉम्बे स्टीम पुढे सिंधिया या मोठ्या जहाज कंपनीच्या पंखाखाली गेली आणि 1952 मध्ये तिच्यात विलीन झाली. मग 1953 मध्ये प्रवासी आणि फेरीचा धंदा वेगळा काढून नवी कंपनी केली. तिच्या नावातच वर्ष आहे, बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन (1953). नव्या कंपनीने सिंधियाकडून बोटी, लाँच, सामान घेतलं, किंमत ठरली सुमारे 81 लाख 55 हजार. त्यातले तीस लाखांच्या जवळपास शेअर देऊन फेडले, आणि उरलेलं कर्ज, दरसाल 6 टक्के व्याजाने. हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा होतं की नाही, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कंपनी जिंकली. करसल्लागारीचा अभ्यास करणारी मुलं हा निकाल आजही वाचतात. मीही वाचला, परीक्षेसाठी. पण लाँचवाल्यांच्या वह्या हातात आल्यावर एक दिवस तो पुन्हा उघडला आणि वेगळंच दिसलं. कंपनी जन्मली तीच एक्कावन्न-बावन्न लाखांच्या कर्जावर, म्हणजे वर्षाला तीन लाखांच्या घरात व्याज. आणि हातात काय? वापरलेल्या बोटी, आणि पावसाळ्यात बंद राहणारा मार्ग. बोटी चार महिने नांगरून ठेवता येतात, व्याज नांगरता येत नाही. कोर्टात जिंकलेली ही कंपनी पाण्यावर मात्र टिकली नाही.

1960 च्या दशकात चौगुल्यांच्या बोटी आल्या, कोकण सेवक आणि कोकण शक्ती. पुढे 1970 च्या दशकात हा मार्ग मोगल लाइनकडे गेला. ही हज यात्रेकरूंना जेद्दाहला नेणारी सरकारी कंपनी. 1986 मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशन या सरकारी जहाज कंपनीत विलीन झाली. तोवर मुंबई-गोवा महामार्ग झाला होता, नद्यांवर पूल बांधले गेले होते आणि एसटी थेट गावच्या पारापर्यंत जात होती. बोटीचा माणूस बंदरावर उतरायचा, तोही थेट नव्हे. बोट खोल पाण्यात उभी, तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, पडाव किनाऱ्याला आला की गुडघाभर पाण्यातून ट्रंक डोक्यावर. माझी आत्या सांगायची की शिडीवरून पडावात पाय टाकायचा तो लाट वर येईल त्या क्षणाला. एक लाट चुकली की पुढच्या लाटेची वाट बघत शिडीला लटकायचं, खाली खलाशी "टाका पाय, टाका" ओरडतोय आणि काखेत पोर. त्यानंतर बंदरापासून गावापर्यंत बैलगाडी. तोच प्रवास एसटीने केला की हाडं खिळखिळी व्हायची, पण उतरलं की घर. उतारूंनी एसटी निवडली यात नवल काय? 1998 च्या 26 जानेवारीपासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. बोटीकडे चुकवून द्यायला वळसाच राहिला नाही. मधल्या काळात दमानियांची मुंबई-गोवा कॅटामरान, म्हणजे जोड तळाची बोट, येऊन गेली. वेगवान होती, थंडगार होती, तीही काही वर्षांत थांबली.

तेव्हा आजोबांच्या बोटी बंद पडल्या त्या गर्दी आटली म्हणून नाही. दर वर्षी रस्ता थोडा थोडा जवळ येत गेला, आणि बोटीच्या कंपन्यांच्या डोक्यावर मात्र जुनी बोट, चार महिन्यांची बंदी आणि कर्ज तसंच राहिलं.

आता तुमच्या खाडीकडे येऊ. इथे मी थोडा हात राखून बोलणार आहे, कारण पुष्कळसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे आणि ती जागा मी पाहिलेली नाही.

पहिली गोष्ट पावसाळ्याची. गेटवे-मांडवा मार्गावर साध्या लाँच आणि कॅटामरान मेअखेरीला थांबतात त्या सप्टेंबरच्या तोंडाशी सुरू होतात. खाडीच्या आतल्या फेऱ्या मात्र बहुतेक ठिकाणी पावसातही चालतात, वादळी दिवस सोडले तर. तुमचं गाव "तोंडाशी" आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून शंका येते. तोंडाशी म्हणजे उधाणाचा मार थेट. वर्षातले किती दिवस फेरी खरोखर सुटली, हे मालकाला विचारू नका, डिझेलच्या बिलांवरून मोजा. माणूस चुकीचं सांगतो असं नाही, पण आपल्या बोटीबद्दल बोलताना प्रत्येकाला चांगलंच वर्ष आठवतं.

मी हिशेब असा मांडतो. आठ महिन्यांच्या गल्ल्यातून बारा महिन्यांचे पगार, बारा महिन्यांचा विमा, जेटीचं भाडं आणि पावसाळ्यातली दुरुस्ती हे सगळं काढायचं. उरलं ते नफा नव्हे. त्यातून आधी गोदीचा पैसा बाजूला ठेवायचा. गोदीचा पैसा म्हणजे बोट पाण्याबाहेर काढून तळ साफ करणं, कालवं आणि शेवाळ खरवडणं, पत्रा तपासणं, पंखा आणि शाफ्ट बघणं, रंग, आणि मग सर्व्हे. हे टाळता येत नाही, सर्टिफिकेटशिवाय फेरीच सुटत नाही. पण छोट्या कंपन्यांत याचा पैसा कुणी बाजूला ठेवत नाही. मे महिन्यात गल्ला फुललेला असतो, घरचं लग्न असतं, आणि जूनमध्ये बोट वर काढताना उसनवारी सुरू होते.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. चांगली चालणारी फेरी, मालक सरळ माणूस. त्या वर्षी नवा भागीदार घेतला होता, तुमच्यासारखाच, नोकरीतून पैसे साठवलेला. बोट वर काढली त्या दिवशी मी बिलं घ्यायला तिथेच होतो. सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन पत्र्यावर टकटक करत पुढे सरकत होता आणि आम्ही सगळे चहा पीत गप्पा मारत होतो. इंजिनाच्या खालच्या बाजूला आला आणि आवाज बदलला. टणक वाजणारं एकदम बद्द वाजलं. त्याने पुन्हा मारली, जरा जोरात, आणि हातोडीचं टोक आत गेलं. रंगाच्या थरांनीच तो पत्रा धरून ठेवला होता. चहाचे पेले तसेच हातात राहिले. एक पत्रा कापायला घेतला तो शेजारचाही गेला, मग आतली फासळी. अंदाजाच्या दुपटीहून अधिक बिल आलं. पण बिलापेक्षा वाईट पुढचं होतं. गोदीतली आमची पाळी संपली होती, मागे दुसऱ्याची बोट उभी. बोट पाण्यात उतरली तेव्हा दिवाळीची सुट्टी निघून गेली होती, आणि दिवाळी ते नवं वर्ष हेच तर कमाईचे दिवस. नव्या भागीदाराने हिस्सा घेताना तीन वर्षांचे ताळेबंद तपासले होते. पत्र्याची जाडी तपासली नव्हती. ताळेबंद मीच केले होते, त्यात एक पैसा चूक नव्हता. पण मीही त्याला "आधी बोट वर काढून दाखव म्हणा" असं सांगितलं नव्हतं. ते मला अजून खातं.

म्हणून हिस्सा घेण्याआधी तुमच्या खर्चाने एक स्वतंत्र सर्व्हेअर नेऊन तिन्ही बोटींच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. दोन लाँच लाकडी असतील तर त्याहूनही चोख बघणारा मिस्त्री न्या. मालक याला नाराज झाला तर तेवढ्यावरच तुम्हाला उत्तर मिळालं.

जेटीचं एक. कंपनी विकत घेताय म्हणजे जेटी विकत घेताय असं होत नाही. जेटी सहसा मेरीटाइम बोर्डाची, म्हणजे राज्याच्या बंदरं सांभाळणाऱ्या मंडळाची असते, कंपनीकडे मुदतीचा परवाना असतो. तो परवाना कंपनीच्या नावावर आहे की मालकाच्या स्वतःच्या, मुदत कधी संपते, पुन्हा निविदा निघणार का, हे बघा. परवाना मालकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर तुम्ही लोखंडाचा तिसरा हिस्सा घेताय, धंद्याचा नव्हे. दुसरं, गाळ. तुमच्या जेटीला मोठ्या ओहोटीला बोट टेकते का? टेकत असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास रोज काही तास फेऱ्या बुडतात, आणि गाळ काढायची जबाबदारी कुणाची यावर पत्रव्यवहाराची जाडजूड फाइल असेल. ती फाइल मागा. ताळेबंदापेक्षा ती जास्त बोलते.

करावर फार लिहीत नाही. साध्या प्रवासी फेरीच्या तिकिटावर जीएसटी नाही, पर्यटनासाठीच्या फेरीवर आहे. तिकिटावर कर नाही म्हणून लोक खूश होतात, पण मग सुट्या भागांवर आणि दुरुस्तीवर भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. बुकिंगवरच्या पोराने सूर्यास्ताच्या सफरी आणि रोजच्या फेऱ्या एकाच पुस्तकात लिहिल्या असतील तर आधी ते निस्तरून घ्या.

भाड्याचं मात्र सांगितलं पाहिजे. डिझेल वाढलं की भाडं वाढवू, असं प्रत्येक नवा भागीदार मला सांगतो. फेरीचं भाडं वाढवणं भाजीचा भाव वाढवण्यासारखं नाही. हाँगकाँगची स्टार फेरी, जिची मुळं दोराबजी नवरोजी नावाच्या मुंबईकडच्या पारशाने काढलेल्या फेरीत आहेत, तिने 1966 मध्ये पहिल्या वर्गाचं भाडं पाच सेंटने वाढवलं, तर कौलूनमध्ये दंगल पेटली. आपल्याकडे दंगल होत नाही, ग्रामसभा होते. रोज पलीकडच्या शाळेत जाणारी मुलं, पाटी घेऊन जाणाऱ्या कोळणी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, यांच्या तिकिटाला हात लावला की सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे जेटीवर येतात. आणि त्यांचं चूक नसतं. त्यांच्यासाठी ती फेरी म्हणजे रस्ताच आहे. मी बघितलेल्या ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी माणसांचं भाडं जवळपास गोठवलं आणि गाड्यांच्या भाड्यावर घर चालवलं. वहीत बघा, तुमच्या कंपनीचा गल्ला गाड्यांतून किती येतो आणि माणसांतून किती. दोन प्रवासी लाँचचा खर्च एकटी फेरीबोट उचलत असेल, तर तुम्ही खरं म्हणजे एका बोटीची कंपनी घेताय.

आता पूल. तुम्ही पत्रात पुलाचा शब्द काढलेला नाही, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटली. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलंय. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड ही नावं त्यात आहेत. या यादीतली नावं आणि मघाशी सांगितलेल्या फेरीबोटींची नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथे वळसा लांब तिथे फेरी चालते, आणि जिथे वळसा लांब तिथेच सरकार पूल बांधतं. फेरी जितकी चांगली चालेल तितकी ती पुलाची गरज सिद्ध करत जाते, असला हा उफराटा धंदा आहे.

पण पूल मंजूर झाला म्हणजे उद्या उभा राहिला असं नाही. आपल्याकडे पुलांचे खांब पाण्यात वर्षानुवर्षं उभे राहिलेले मी पाहिलेत, त्यावर बगळे बसतात. तेव्हा "पूल येणार" या बातमीला घाबरून चांगला धंदा सोडू नका, आणि "असे किती पूल आले" या मालकाच्या बोलण्यावर पैसेही घालू नका. निविदा निघाली का, कामाचा आदेश कधीचा, खांब कुठवर आले, हे स्वतः जाऊन बघा. मग पूल उघडेपर्यंतची वर्षं धरा, आणि त्या वर्षांत तुमचं भांडवल व्याजासकट परत येतं का ते मांडा. पूल उघडल्यानंतरचा एक रुपयाही त्यात धरू नका.

पुलानंतर काहीच उरत नाही असंही नाही. मी ज्या दोन कंपन्यांची शेवटची देणी दिली म्हणालो, त्यातली एक पुलामुळेच गेली. पहिल्या महिन्यात गाड्या जवळजवळ सगळ्या गेल्या. राहिली ती पायी माणसं, कारण पूल गावापासून दूर होता आणि जेटी बाजारात. मालकाने मोठी बोट लगेच विकली असती तर छोटी लाँच त्या पायी माणसांवर चालली असती. त्याने दोन वर्षं वाट पाहिली, आणि तोवर मोठ्या बोटीच्या हप्त्याने छोटीलाही खाल्लं. उलटं उदाहरण पणजीचं. मांडवीवर पूल झाल्यावर फेरीबोटींचं महत्त्व उतरलं होतं. 5 जुलै 1986 रोजी तो पूल कोसळला आणि त्याच फेरीबोटींनी पुन्हा सगळं शहर वाहून नेलं. पण गोव्यातल्या त्या फेऱ्या सरकारी नदी परिवहन खात्याच्या. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, तोटा तिजोरी सोसते. तुमच्या मागे तिजोरी नाही.

मुंबई-मांडवा रो-रोचं, म्हणजे गाड्या घेऊन जाणाऱ्या मोठ्या बोटीचं, उदाहरण लोक देतात. ती मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि काही दिवसांतच टाळेबंदी आली, तरी ती टिकली आणि रुळली. पण तिचं गिऱ्हाईक अलिबागला घर असलेलं मुंबईकर आहे, बोट मोठी आहे, आणि मागचं भांडवलही तसंच. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू उघडल्यावर तिथलाही वळसा आखडला आहे. मोठी बोट काही काळ सोसेल. तिच्याकडे बघून तुमच्या खाडीचा अंदाज बांधू नका.

तर माझं मत. पुलाचे खांब अजून पाण्यात उतरले नसतील, परवाना कंपनीच्या नावावर असेल आणि फेरीबोटीचा पत्रा धड असेल, तर हा हिस्सा सात-आठ वर्षांची कमाई म्हणून बघायला हरकत नाही. नातवाला द्यायची इस्टेट म्हणून नाही. किंमत ठरवताना बोटी आज विकल्या तर काय येतील, त्यात पूल उघडेपर्यंतचा नफा मिळवा, त्यातून दोन वेळा बोट गोदीत काढायचा खर्च वजा करा. मालक "चालू धंद्याची किंमत" म्हणून वर काही मागेल. ती पुलाच्या तारखेवर सोडा: दरवर्षी फेरी चालली तर एक हप्ता, पूल उघडला की हप्ते बंद. प्रामाणिक मालकाला हे पटतं. आणि हिस्सा घेण्यासाठी कर्ज काढू नका. बॉम्बे स्टीमकडे वकील होते, तुमच्याकडे ठाण्याची नोकरी आहे, ती सोडू नका.

कागद मिळाले की मला पुढचे तेवढे कळवा: मागच्या तीन वर्षांची डिझेलची बिलं महिनावार, शेवटच्या गोदीचं बिल, परवान्याची प्रत, आणि गाड्या व माणसं यांचा वेगवेगळा गल्ला. ताळेबंद पाठवायची घाई नाही, तो मी शेवटी बघतो. आणि एकदा जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, भर पावसात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या जेटीवर बसून किती उतारू चढले ते मोजून या. छत्री न्या.